आधी खुंट वाचायला शिक, चेनसॉ नंतर घे

तुझे तीन प्रश्न आहेत. झाडांच्या कामात उतरायचंय तर पहिली चेनसॉ किती सीसीची घेऊ, कोर्स करू का कुणाच्या हाताखाली शिकू, आणि या कामात शरीर किती वर्षं साथ देतं. तिन्हींची उत्तरं देतो पण मशीनचं उत्तर शेवटी देणार, कारण सुरुवात मशीनपासून केली की डोकं तिथेच अडकतं. मी या कामात पंचवीसच्या वर वर्षं काढलीत, आणि माझ्या डोळ्यासमोर ज्यांना ज्यांना लागलं त्यातल्या जवळजवळ सगळ्यांना चेनसॉ उत्तम चालवता येत होती. लाकूड वाचता येत नव्हतं.

लाकूड वाचणं म्हणजे काय ते आधी सांगतो, बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. झाड उभं असो, कललेलं असो नाहीतर आडवं पडलेलं असो, त्याच्या आत एका बाजूला ताण असतो आणि दुसऱ्या बाजूला दाब. दोन्ही टोकांना टेकलेला ओंडका घे, मधे खाली पोकळी. त्याची वरची बाजू दबलेली असते आणि खालची ताणलेली. वरून सरळ कापत गेलास की अर्ध्यात पोचेपर्यंत काप मिटायला लागतो आणि चेन ज्याच्यावरून फिरते तो पट्टीसारखा बार असा आवळला जातो की इंजिन बंद करून पाचर ठोकल्याशिवाय निघत नाही. आता तोच ओंडका एकाच टोकाला टेकलाय आणि दुसरं टोक हवेत आहे, की सगळं उलटं झालं, वर ताण, खाली दाब. नियम एकच आहे, आधी दाबाच्या बाजूने थोडं कापायचं, जास्तीत जास्त जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत, आणि मग ताणाच्या बाजूने उरलेलं. वाचायला सोपं वाटतं. पण वादळानंतर एकावर एक पडलेली चार झाडं समोर असतात, एका फांदीवर दुसऱ्या झाडाचं वजन, ती फांदी तिसऱ्याच्या बुंध्याखाली दबलेली, तेव्हा कुठे ताण आणि कुठे दाब हे ओळखायला अर्धा तास लागला तरी लागू द्यायचा.

माझं दुसरं वर्ष होतं. पडलेल्या मोठ्या झाडाखाली एक मनगटाएवढं रोप दबून कमानीसारखं वाकलं होतं. वाटेत येत होतं म्हणून मी फारसा विचार न करता कमानीच्या पाठीवर, म्हणजे वरून बाहेरच्या बाजूने, चेन टेकवली. ती अर्धा सेंटीमीटरही आत गेली नसेल तोवर ते सुटलं आणि हेल्मेटच्या जाळीवर आदळलं. जाळी नाकापर्यंत आत दबली, हनुवटीला चार टाके पडले, आणि जाळी वर करून काम करायची तेव्हा मला सवय होती, त्या दिवशी योगायोगाने खाली होती. मनगटाएवढं रोप. मोठ्या झाडाला सगळेच घाबरतात म्हणून तिथे सांभाळून वागतात, आणि घात अशा किरकोळ दिसणाऱ्या काड्यांनी होतो. त्याची रीत नंतर शिकलो ती अशी: कमानीच्या पोटाच्या बाजूने, जिथे लाकूड दबलेलं असतं तिथे, नुसतं तासत जायचं, खोल कापायचं नाही. तासायची जागा शोधायला बुडापासून सरळ वर एक रेष डोळ्याने ओढ, कमानीच्या माथ्यावरून एक आडवी रेष ओढ, दोन्ही जिथे भेटतात तिथून 45 अंशात खाली कमानीवर ये, सगळ्यात जास्त ताण साधारण तिथेच असतो. हळूहळू तासलं की तंतू एकेक करून सैल पडतात आणि रोप मुकाट्याने खाली बसतं. आणि आपण उभं राहायचं ते त्याच्या झेपेच्या बाहेर.

आता खुंटाचं सांगतो. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते वस्ताद फार बोलायचे नाहीत. झाड पडलं की मी लगेच फांद्या छाटायला धावायचो, आणि ते मला मागे बोलावून खुंटापाशी गुडघ्यावर बसवायचे. खुंटावर पुढच्या बाजूला, म्हणजे झाड पाडायच्या दिशेला, खाच, मागे मागचा काप, आणि मधे न कापता ठेवलेली तंतूंची पट्टी, तुटून खडबडीत झालेली. ही पट्टी म्हणजे बिजागरी, हिंज म्हणतात सगळे. ते त्या पट्टीवर बोटं आडवी ठेवायचे. एका टोकाला तीन बोटं बसायची, दुसऱ्या टोकाला एक. मग विचारायचे, झाड कुठे गेलं? मी बघायचो तर झाड ठरवलेल्या जागेपासून दोन-तीन हात तीन बोटांच्या बाजूला सरकून पडलेलं असायचं. जाड बाजूचे तंतू उशिरापर्यंत धरून ठेवतात म्हणून झाड तिकडे ओढलं जातं. हे मला कुणी फळ्यावर शिकवलं असतं तर मी विसरलो असतो, पण ओल्या लाकडाच्या त्या खडबडीत पट्टीवर बोटं ठेवून शिकलो ते आजही विसरलेलो नाही.

माप म्हणशील तर, छातीच्या उंचीला म्हणजे जमिनीपासून 1.3 मीटरवर जो व्यास भरतो तो धरायचा. बिजागरीची लांबी त्याच्या साधारण 80 टक्के आणि जाडी साधारण 10 टक्के. म्हणजे 40 सेंटीमीटरच्या झाडाला 32 सेंटीमीटर लांब आणि 4 सेंटीमीटर जाड पट्टी, सगळीकडे सारखी. खाचेची खोली व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढी. खाच जितकी उघडी ठेवशील, 70 अंशांच्या आसपास किंवा जास्त, तितकी बिजागरी झाड जमिनीवर येईपर्यंत शाबूत राहते आणि झाड तुझ्या ताब्यात राहतं. जुनी 45 अंशांची खाच लवकर मिटते, मिटली की पट्टी तुटते, आणि झाड हवेत असतानाच मोकाट सुटतं. खाचेच्या वरच्या आणि खालच्या कापाचं टोक एकाच रेषेत भेटलं पाहिजे, एक जरी पुढे गेला तर बिजागरी आतून आधीच कापलेली असते आणि ते बाहेरून दिसतही नाही. खुंटावर मात्र दिसतं. म्हणून म्हणतो खुंट वाच.

पडायच्या बाजूलाच जास्त झुकलेल्या झाडाचं वेगळं आहे, ते नीट वाच. अशा झाडाला मागून नेहमीसारखा काप दिला की पट्टी नीट तयार व्हायच्या आत झाड निघतं, खोड उभं फाटत वर जातं आणि फाटलेली फळी मागे, बरोबर कापणाऱ्याच्या छाती-तोंडाच्या उंचीवर, झटक्यात येते. सरळ धाग्याच्या, लवकर फाटणाऱ्या लाकडात हे जास्त होतं, निलगिरीत तर वाढीचाच ताण इतका असतो की ओंडके कापल्यावर टोकाला आपोआप तडकतात. इथे बारचं टोक खोडात खुपसून आतून काप घेतात. खाच झाली की बिजागरीच्या थोडं मागे बार आरपार घालायचा, पुढे येऊन बिजागरी मापात करून घ्यायची, मग मागे जात कापायचं, आणि अगदी मागे एक पट्टा न कापता धरून ठेवायचा. सगळं तयार असतं, झाड हललेलं नसतं, पाचर लागलेली असते, तू एकदा आजूबाजूला बघतोस, आणि मग तो मागचा पट्टा तोडून निघून जातोस. स्वीडनचे सोरेन एरिक्सन यांनी ही पद्धत शिकवणीतून फार दूरवर नेली आणि माझ्या मते या कामातल्या शिक्षणात इतकी उपयोगाची गोष्ट क्वचितच कुणी दिली असेल. पण बारच्या टोकाच्या वरच्या अर्ध्या भागाने लाकडाला स्पर्श झाला की मशीन उसळून तोंडाकडे येते, किकबॅक, आणि ते इतक्या पटकन होतं की हात आवरायला वेळच मिळत नाही. म्हणून खुपसताना सुरुवात टोकाच्या खालच्या भागाने करायची, आणि हा काप उभ्या झाडावर करायच्या आधी जमिनीवरच्या ओंडक्यात पन्नास वेळा कर.

निघून जातोस म्हटलं ते जाणं कापायच्या आधी ठरलेलं असतं. पडायच्या दिशेच्या उलट बाजूला, तिरपं, 45 अंशात, दोन्हीकडे वाट साफ करून ठेवायची. वेली, दगड, काटक्या सगळं बाजूला. झाड हललं की मशीनकडे बघायचं नाही, चेनब्रेक, म्हणजे चेन जागीच थांबवणारा दांडा, मारायचा आणि चालू पडायचं. बुंधा मागे सरकू शकतो, उसळू शकतो, वर शेजारच्या झाडात अडकलेली फांदी नंतर खाली येऊ शकते. झाड पडल्यावरही मान वर ठेवून थांब. आणि दुसरं कुणीही झाडाच्या दुप्पट उंचीच्या आत नको, हे तू नवीन असलास तरी ओरडून सांगायचं, समोर कितीही सीनियर माणूस असला तरी.

झाड दुसऱ्यात अडकलं तर त्याच्याखाली जायचं नाही. त्याला धरणारं झाड कापायचं नाही, त्याच्यावर दुसरं झाड पाडून मोकळं करायचा प्रयत्न करायचा नाही. खोड फिरवायच्या लोखंडी आकड्याने फिरवून बघ, विंचने, म्हणजे दोर ओढायच्या यंत्राने, बुडातून ओढ, नाही जमलं तर फीत बांधून जागा बंद कर आणि माणूस-मशीन घेऊन परत ये. तसंच सोडून घरी जाणं मात्र कधीच नाही.

हत्यारांचं. तू चेनसॉ विचारलीस, मी कानस विचारतो. चेनला धार लावता येते का? 1946 साली अमेरिकेत जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याला लाकूड पोखरणारी अळी दिसली, ती धाग्याच्या उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी सहज खात जात होती, डावीकडे एक घास, उजवीकडे एक घास. त्याने तिच्या जबड्यासारखे सी आकाराचे दात करून चेन बनवली आणि आजच्या चेन तिथूनच आल्यात. हे सांगायचं कारण असं की दात कसा खातो हे एकदा कळलं की धार लावणं कंटाळवाणं राहत नाही. एक डावा, एक उजवा, आणि प्रत्येक दातापुढे एक बुटकी गाठ, ती ठरवते दात किती खोल चावणार. ती दातापेक्षा साधारण 0.65 मिलिमीटर खाली असते. दात घासत गेलास की दात बुटका होतो आणि गाठ तिथेच राहते, मग धार कितीही लाव मशीन चावतच नाही, आणि माणूस मशीनवर जोर देत बसतो. उलट गाठ जास्त घासली की चेन हावरी होते, धक्के मारते, किकबॅक वाढतो. म्हणून गाठ घासायची ती गेज, म्हणजे मापाची पट्टी, लावूनच, अंदाजाने नाही.

कानस गोल, चेनच्या मापाची. .325 इंच पिचला (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधलं अंतर) 4.8 मिलिमीटर, बारीक चेनला 4 मिलिमीटर, बाकी चेनच्या डब्यावर लिहिलेलं असतं ते पाळ. कोन बहुतेक चेनवर 25 ते 30 अंश, दाताच्या माथ्यावर रेषही कोरलेली असते. आतून बाहेर एकाच दिशेने, परत येताना कानस उचलायची, प्रत्येक दाताला सारखे हात, आणि सगळ्यात झिजलेला दात शोधून बाकीचे त्याच्याएवढे करायचे. एका बाजूचे दात लांब राहिले तर काप सरळ जात नाही, अर्धवर्तुळात वळतो, आणि नवखा माणूस समजतो बार वाकलाय. धार आहे का नाही हे खाली पडतं त्यावरून कळतं. ढलप्या पडतायत, चौकोनी, जाडसर, तर ठीक. पिठासारखा भुसा पडायला लागला की लगेच बंद कर. मी टाकी रिकामी झाली की पेट्रोल भरतानाच चार हात कानस मारतो, दगडाला लागली असेल तर लगेच. वर्षभर हाताने धार लाव, मशीनवर नको. हाताला जे कळतं ते डोळ्याला कळत नाही.

सुरक्षेच्या वस्तूंवर काटकसर करू नकोस, आणि हे मी कळवळून सांगतोय. चेनसॉ पँटमध्ये लांब तंतूंचे थर असतात, चेन कापड फाडून आत गेली की ते तंतू ओढले जाऊन दातेरी चाकात गुंततात आणि चेन थांबते. त्यांचे वर्ग चेनच्या वेगावर ठरतात, वर्ग 1 म्हणजे सेकंदाला 20 मीटर, वर्ग 2 म्हणजे 24. आजच्या बऱ्याच मशीनची चेन पूर्ण वेगात याच्याही वर जाते, म्हणजे ही पँट घातली की कापतच नाही असं नाही, जखम हाडापर्यंत जायची ती कातडीवर थांबते इतकंच, आणि इतकं खूप आहे. बॅटरीच्या मशीनवर तर जास्तच सांभाळ कारण मोटरची ओढ वेगळी असते आणि आवाज नाही म्हणून चेन फिरत असल्याचं मनाला जाणवतच नाही. हेल्मेट, जाळी, इअरमफ, पुढे स्टीलची टोपी असलेले चेनसॉ बूट. आणि रक्त थांबवायची दाबपट्टी आणि टूर्निकेट, म्हणजे हातापायाला आवळून रक्त रोखायचा पट्टा, हे दोन्ही अंगावर, खिशात. गाडीत नाही. मांडीची मोठी रक्तवाहिनी कापली गेली तर गाडीपर्यंत जाऊन यायला वेळ नसतो. चेनसॉ चालू असताना एकट्याने काम करायचं नाही, आणि काम सुरू करायच्या आधी तिथला नेमका पत्ता किंवा जीपीएस सगळ्यांनी लिहून घ्यायचा, फोनला रेंज कुठे येते तेही बघून ठेवायचं.

झाडावर चढून करायचं काम हा वेगळाच धंदा आहे असं मी मानतो. जंगलात पाडणारा माणूस आणि दोरावर फांद्या उतरवणारा माणूस यांच्यात हत्यारं सारखी असली तरी डोकं वेगळं लागतं. तिथे तू झाड वाचतोस ते जीव टांगायला. खालून आधी पूर्ण फेरी मार, बुंध्याशी मातीत तडा आहे का, मुळांवर किंवा बुडावर बुरशीचे कंगोरे आलेत का, ढोली कुठे आहे, लाकडी हातोड्याने ठोकून पोकळ वाजतंय का. विजेची तार जवळ असेल तर काम थांबव. ओली फांदी, ओला दोर, दोन्हीतून वीज येते, आणि तारेला प्रत्यक्ष टेकायची गरजही नसते. तारांजवळचं काम त्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलेल्यांनीच करायचं. वर गेल्यावर कापताना दोन बांधण्या हव्यात, मुख्य दोर आणि दुसरा आखूड दोर, कारण मशीन एका झटक्यात दोर कापते, ताणलेला दोर तर नुसता स्पर्श पुरतो. आणि खाली असा एक माणूस हवाच ज्याला वर चढून तुला खाली आणता येतं. बेशुद्ध माणूस हार्नेसमध्ये, म्हणजे अंगाला बांधलेल्या पट्ट्यांत, लटकत राहिला तर थोड्या वेळातच जिवावर बेतू शकतं. हा सराव महिन्यातून एकदा करत नसलेल्या टीमबरोबर मी स्वतः वर जात नाही.

वजनाचा अंदाज इथेच सगळ्यात जास्त चुकतो. ओलं लाकूड बऱ्याचदा पाण्याएवढंच जड असतं. 40 सेंटीमीटर जाड आणि 2 मीटर लांब तुकडा म्हणजे पाव घनमीटर, म्हणजे 250 किलोच्या आसपास. तो पुलीवरून दोराने खाली सोडताना एका बाजूला तुकडा ओढतो आणि दुसऱ्या बाजूला खालचा माणूस, त्यामुळे पुली जिथे बांधलीय तिथे जवळजवळ दुप्पट भार येतो. हे नुसतं लटकलेलं असताना. तुकडा आधी मीटरभर पडून मग दोराला झटका बसला तर भार कितीतरी पटीने वाढतो, आणि ज्या खोडाला ती पुली बांधलीय त्याच खोडाला तू पण बांधलेला असतोस. म्हणून लहान तुकडे घे, आणि खालच्या माणसाला दोर एकदम न आवळता सोडत सोडत थांबवायला शिकव. तो खालचा दोर धरणारा माणूस माझ्या लेखी वरच्यापेक्षा महत्त्वाचा, आणि तुझं पहिलं वर्ष तिथेच जाईल, जाऊ दे.

छाटणीबद्दल एक मनापासून. झाडाला आपल्यासारखी जखम भरून येत नाही, ते सडलेला भाग आतल्या आत भिंती घालून कोंडतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. अमेरिकन वनखात्यात काम केलेल्या अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून हे दाखवलं, आणि 1977 मध्ये मांडलेल्या त्यांच्या या कल्पनेने छाटणीच बदलली. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर गळपट्टी दिसते, काप तिच्या बाहेर, खोडाला लागून सपाट नाही आणि खुंटी ठेवूनही नाही. जड फांदी असेल तर आधी खालून थोडा काप, मग त्याच्या पुढून वरून, म्हणजे फांदी तुटताना साल सोलत खाली येत नाही, आणि मग शेवटचा नेमका काप. वर डांबर-रंग लावायची गरज नाही, त्याने सडणं थांबत नाही. शेंडा मारून झाड बुटकं करा असं कुणी सांगितलं तर समजावून सांग, कारण त्या जागी जे फुटवे येतात ते नुसते सालीजवळच्या लाकडाला चिकटलेले असतात आणि वाढले की तेच मोडून पडतात. जगवायच्या झाडावर बुटाला काटे लावून चढायचं नाही, प्रत्येक काटा एक जखम आहे. मला हे काम आवडतं ते याच्यासाठी, नीट छाटलेलं झाड पंधरा वर्षांनी पुन्हा बघायला मिळतं आणि कापाच्या जागी गोल, बंद झालेला डोळा दिसतो.

आता कोर्स का वस्ताद. दोन्ही, पण आधी कोर्स. हाताखाली शिकताना चांगल्याबरोबर वस्तादाच्या वाईट सवयीही येतात आणि कुठली कोणती हे तुला कळणार नाही. युरोपात चेनसॉचं जे सामायिक प्रमाणपत्र आहे त्यात चार पायऱ्या आहेत. पहिलीत उभ्या झाडाला हातच लावत नाहीत, फक्त मशीनची देखभाल आणि पडलेल्या ओंडक्यांचे तुकडे. दुसरीत लहान झाडं, तिसरीत मोठी, आणि वादळात पडलेली-मोडलेली झाडं चौथीत. सगळ्यात शेवटी. तू जिथे असशील तिथे हे प्रमाणपत्र मिळो न मिळो, क्रम हाच धर, कारण नवीन माणसाला वादळानंतरच्याच कामाला बोलावतात, तेव्हा माणसं कमी पडतात म्हणून. नाही म्हणायला शिक. झाडांच्या देखभालीकडे जायचं असेल तर 1924 पासून चालत आलेली इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर आहे, तिची आर्बोरिस्ट, म्हणजे झाडांच्या देखभालीचा तज्ज्ञ, ही परीक्षा द्यायला तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव किंवा त्या विषयाचं शिक्षण आणि थोडा कमी अनुभव लागतो, आणि त्या अभ्यासात मुळं, माती, रोग हे सगळं येतं जे नुसतं कापून कधीच कळत नाही. कोर्स निवडताना एकच विचार, एका शिक्षकामागे किती जण आणि प्रत्येकाला किती झाडं स्वतः पाडायला मिळणार. एका शिक्षकामागे वीस जण आणि बाकीचे नुसते बघे असतील तर पैसे वाचव.

कोर्सनंतर जो माणूस तुला कामावर घेईल त्याच्याकडे पहिल्या दिवशी तीन गोष्टी बघ. त्याच्या मशीनचा चेनब्रेक चालतो का, त्याच्या चेनला धार आहे का, आणि काम सुरू करायच्या आधी तो पाच मिनिटं सगळ्यांना उभं करून बोलतो का. तीनपैकी दोन नसतील तर पगार कितीही असला तरी जाऊ नकोस. मी एका ठिकाणी असाच गेलो होतो, नाव घेत नाही, ब्रेक काढून टाकलेल्या मशीन होत्या कारण मधेमधे लागतो म्हणून. सहा दिवस टिकलो. सातव्या दिवशी माझ्याबरोबरच्या मुलाच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

शरीराचं खरं सांगतो. पाठ आणि गुडघे सगळ्यांना आठवतात, पण आधी जातात ते कान आणि बोटं. चेनसॉचा आवाज 100 डेसिबलच्या वर असतो. 85 डेसिबल आठ तास हा साधारण हिशोब, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 100 ला फक्त पंधरा मिनिटं. इअरमफ न लावता एक टाकी संपवली तरी त्या दिवसाचा कोटा कधीच उलटून गेला. बोटांचं हळू येतं. थंडीत सकाळी एखाद्या बोटाचं पेर पांढरंफटक पडतं, बधिर होतं, मग मुंग्या येतात. ते कंपनाने होतं आणि पुढे गेलं की परत येत नाही. युरोपच्या नियमात आठ तासांच्या सरासरीला 2.5 मीटर प्रति सेकंद वर्ग ही सावध व्हायची पातळी आणि 5 ही मर्यादा आहे. मशीनच्या पुस्तिकेत तिचं कंपन दिलेलं असतं, विकत घेताना सीसीच्या आधी ते बघ. कंपन शोषणारे रबराचे किंवा स्प्रिंगचे डँपर फाटले की लगेच बदल, हात गरम ठेव, मुठी सैल ठेव, आणि काम आलटून पालटून कर, तासभर कापणं, तासभर ओढणं-रचणं. बोथट चेन कंपन वाढवते, म्हणजे परत कानशीवरच आलो. माझी उजवी करंगळी आणि अनामिका थंडीत अजून पांढरी पडतात, ती पहिल्या आठ वर्षांची कमाई, तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं म्हणून तुला सांगतोय.

पंचेचाळिशीनंतर रोज दोरावर चढणारे फार कमी दिसतात. पण लाकूड वाचता येणारा माणूस तेव्हा खरा उपयोगी पडतो, विरळणीत, म्हणजे दाट झाडीतली काही झाडं काढताना, कुठलं झाड ठेवायचं आणि कुठलं काढायचं याच्या खुणा करणं, धोकादायक झाडांची तपासणी, शिकवणं, हार्वेस्टर, म्हणजे झाड पाडून तुकडे करणारं मोठं यंत्र, चालवणं. तिकडे जायची तयारी तिशीतच सुरू कर, वाचन कर, मोजमाप शिक.

आणि मशीन. पहिली 45 ते 50 सीसीची, 38 सेंटीमीटर बार, पेट्रोलची. याने 30 सेंटीमीटरपर्यंतची झाडं आरामात होतात आणि दोन वर्षं त्याच्यापेक्षा मोठ्याला हात लावायचा नाही. वरून एका हाताने धरायची छोटी मशीन स्वस्त आणि हलकी दिसते म्हणून घेऊ नकोस, ती झाडावर चढलेल्या प्रशिक्षित माणसासाठी आहे, जमिनीवर तिचं काम नाही. बहुतेक मशीनना पेट्रोल-तेलाचं 50 ला 1 मिश्रण, लिटरला 20 मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल, पण पुस्तिका बघून. चालू करताना जमिनीवर ठेवून, चेनब्रेक लावून, पायाने दाबून. हवेत झटकून कधीच नाही. बरोबर दोन प्लॅस्टिकच्या पाचरी, एक कुऱ्हाड, कानस-गेजचा संच, आणि एक जास्तीची धार लावलेली चेन.

अजून एक वस्तू घे, खिशात मावणारी वही. मी पहिली तीन वर्षं प्रत्येक खुंटाची नोंद ठेवली. व्यास, झुकाव कुठे होता, बिजागरी डावीकडे किती मधे किती उजवीकडे किती, झाड ठरवलेल्या रेषेपासून किती आणि कुठे सरकलं. पहिल्या पानांवर माझी उजवी बाजू सतत पातळ दिसते, कारण उजवीकडून कापताना मला बारचं टोक पलीकडे दिसत नव्हतं आणि मी अंदाजाने जास्त कापत होतो. हे मला एकविसाव्या झाडानंतर कळलं, वही उलटी चाळताना. बाविसाव्यापासून कापाच्या मधे थांबून पलीकडे जाऊन बघायला लागलो.